परसाकडची बाग

'परसाकडे जाणे' हा शब्दप्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी आजी-आजोबांच्या तोंडी ऐकलेला असतो. अमेरिकेत येऊन तो इतका शब्दशः खरा होईल असं मात्र मला वाटलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात सार्वजनिक ड्रेनेज नाही. न्हाणीघर, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन आणि संडास, सगळ्यांचं पाणी घरामागच्या हिरवळीखाली जातं आणि तिथेच मुरतं. या देशातल्या बऱ्याच घरांत हीच व्यवस्था आहे. शहरापासून जरा लांब, मोठं अंगण बघून घर घेणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांना घराचे कागद हातात पडल्यावरच ते कळतं.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आई इथे होती. बरेच दिवस पाऊस नव्हता, लॉन पिवळं पडलं होतं. चहाचा कप घेऊन ती मागच्या डेकवर उभी राहिली आणि पाच मिनिटांत तिला जे दिसलं ते आम्हाला तोवर दिसलं नव्हतं. पिवळ्या गवतात चार समांतर पट्टे किंचित हिरवे होते. "अगं, इथे खाली पाणी आहे. इथे अळू लाव, बघ कसं माजेल."

निरीक्षण अचूक होतं. ती ज्या घरातून आली होती तिथे सल्लाही अचूक होता. आमच्या रत्नागिरीकडच्या घरी मोरीचं पाणी एका चरातून परसात जायचं आणि त्या चराच्या कडेने अळू, कर्दळ, गवती चहा आणि टोकाला दोन केळी. पाणी वाया जात नसे, डबकं साचत नसे, डास कमी. आज सरकारी योजनांमध्ये शोषखड्डा आणि परसबाग म्हणून जे शिकवलं जातं ते आमच्या आजीने कोणत्याही योजनेशिवाय केलं होतं. मी आईला नाही म्हटलं, पण कारण धड सांगता आलं नाही. "इथे चालत नाही," एवढंच म्हणाले. परदेशातल्या मुलांचं हे ठरलेलं उत्तर, आणि त्यावर आईचा चेहरा पडणं हेही ठरलेलंच.

त्यानंतर मी बरंच वाचलं. राज्याराज्यांतल्या विद्यापीठांचे एक्स्टेन्शन विभाग या विषयावर पत्रकं काढतात. व्हर्जिनिया कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शनची तर ड्रेन फील्डवर काय लावावं यावरच एक स्वतंत्र पुस्तिका आहे. पण त्या याद्या आपल्याला पुरत नाहीत. त्यांत ब्लॅक-आइड सुझन असते, बी बाम असतो. अळू, शेवगा, कढीपत्ता, झेंडू यांचं काय करायचं ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा खाली काय चाललंय ते समजून घेणं बरं.

पहिली गोष्ट म्हणजे सेप्टिक टँक पाणी स्वच्छ करतो हा गैरसमज. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी ही टाकी बांधली आणि तिला हे नाव दिलं, तेव्हापासून तिचं मूळ काम बदललेलं नाही. जड गाळ तळाशी बसतो, तेल-तूप वर तरंगतं, काही भाग जिवाणू हवेविना कुजवतात आणि मधलं गढूळ पाणी पुढे जातं. त्या पाण्यात रोगजंतू, विषाणू, अमोनिया हे सगळं शाबूत असतं. ते पाणी भोकं पाडलेल्या पाइपांतून खडीने भरलेल्या चरांत सोडतात. या चरांच्या पट्ट्याला ड्रेन फील्ड म्हणतात, न्यू इंग्लंडमध्ये लीच फील्ड. आईला दिसलेले हिरवे पट्टे म्हणजे हेच चर.

स्वच्छतेचं खरं काम इथे सुरू होतं आणि ते माती करते. चराच्या तळाशी आणि कडेने जिवाणूंचा एक काळा, बुळबुळीत थर जमतो. त्याला बायोमॅट म्हणतात. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण तोच पाण्याला अडवून हळूहळू झिरपू देतो. त्यामुळे खालची माती पूर्ण भिजत नाही. पाणी मातीच्या कणांना धरून पातळ थरासारखं सरकतं आणि कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांत हवा शिल्लक राहते. त्या हवेवर जगणारे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, सेंद्रिय घाण संपवतात. विषाणू आणि फॉस्फरस कणांना चिकटून बसतात. मॅसॅच्युसेट्सच्या 'टायटल ५' नियमांत चराचा तळ आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी यांत किमान ४ फूट अंतर लागतं, आणि पाणी फार भरभर मुरणाऱ्या वाळूच्या जमिनीत ५ फूट. ही हवा खेळणारी कोरडी माती म्हणजेच तुमचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. चार बेडरूमच्या घरासाठी तो दिवसाला ४४० गॅलन, म्हणजे सुमारे १,६५० लिटर पाणी धरून आखलेला असतो. त्याला मोटर नाही, वीज नाही, आणि बिघडला तर उघडून दुरुस्त करता येत नाही.

एवढं डोक्यात ठेवलं की कोणत्याही रोपाबद्दल तीन प्रश्न विचारता येतात. त्याची मुळं पाइपापर्यंत जाऊन आत शिरतील का? त्याच्यासाठी मला वरून पाणी किंवा माती घालावी लागेल का? आणि ते मी तोंडात घालणार आहे का?

झाडांचा निकाल पहिल्याच प्रश्नात लागतो. झाडाची मुळं खोल जातात असं आपण धरून चालतो, पण बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर पसरतात. नेमक्या त्याच खोलीवर आपले पाइप असतात. गावातल्या ड्रेनेजच्या पाइपात मूळ शिरलं तर तो सांधा निकामी झालेला असतो. सांधा बदलला की काम झालं. ड्रेन फील्डच्या पाइपाला मात्र भोकं मुद्दामच ठेवलेली असतात. केसाएवढं मूळ ओलाव्याच्या मागावर आत येतं, तिथे त्याला पाणी, नायट्रोजन, फॉस्फरस सगळं तयार मिळतं आणि वर्षा-दोन वर्षांत पाइपभर जटा होतात. विलो, पॉपलर, सिल्व्हर मेपल, रेड मेपल, बर्च ही या बाबतीत बदनाम मंडळी. लहान झाडही किमान २० फूट दूर असावं आणि या तहानलेल्या झाडांना ५० फूट द्यावेत, असा साधारण सल्ला असतो. बांबू तर अजिबात नको. न्यू जर्सीत आपल्याकडे हौसेने लावतात ते अंजीरही इथे नको. फ्लोरिडा आणि टेक्सासवाल्यांचा शेवगा आणि कढीपत्ता याच यादीत घाला. शेवग्याचं मूळ जाडजूड होतं, आणि कढीपत्ता मुळांतूनच नवे कोंब काढत पसरतो.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने घर विकायला काढलं तेव्हा त्यांना हे कळलं. १९९५ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये घर विकताना सेप्टिकची तपासणी करावी लागते. आधीच्या मालकाने लॉनच्या कडेला सावलीसाठी लावलेल्या सिल्व्हर मेपलची मुळं दोन चरांत भरली होती. झाड तोडून प्रश्न सुटला नाही, कारण मुळं आतच होती. नवीन ड्रेन फील्डचा खर्च हजारो नाही, दशहजारो डॉलरांत जातो, आणि घराचा नेहमीचा विमा सहसा तो देत नाही. कोणीतरी त्यांना पाइपात मोरचूद टाकायला सांगितलं होतं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणातून मोरचूद बुरशी मारतं हे नाशिककरांना सांगायला नको. इथेही ते मारेल, पण मुळांबरोबर ज्यांच्या जिवावर सगळं चाललंय त्या जिवाणूंनाही, आणि तांबं मातीतच राहील.

आता भाज्या. इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की नीट चालणाऱ्या ड्रेन फील्डवर उगवलेला टोमॅटो खाऊन कोणी आजारी पडण्याची शक्यता कमीच आहे. मुळांतून जंतू वर चढून फळात जातात असं सर्रास घडत नाही. अडचण अशी की ड्रेन फील्ड नीट चालतंय की नाही हे वरून कळत नाही, आणि ते जेव्हा तुंबतं तेव्हा पाणी वरच येतं. कधी? जमीन आधीच ओली असताना घरात पाण्याचा वापर वाढला की. सप्टेंबरचा पाऊस आणि दीड दिवसाच्या गणपतीला येऊन गेलेली साठ माणसं हे समीकरण कोणत्याही इंजिनियरने कागदावर धरलेलं नसतं. अशा वेळी मातीशी लगटून असलेल्या मेथी-कोथिंबिरीवर काय उडालंय ते दिसत नाही. हिपॅटायटिस अ किंवा नोरोव्हायरससारखे विषाणू ओल्या, थंड मातीत आठवडेच काय, महिनेही तग धरू शकतात. कोथिंबीर आपण कच्चीच भुरभुरतो. मुळा, गाजर, बटाटा तर त्या मातीतच वाढतात.

"अळू काय कोणी कच्चं खातं?" आईने पुढच्या फोनवर विचारलं, आणि मुद्दा बरोबर आहे. चिंच घालून शिजवलेल्या अळूत जिवंत विषाणू उरणार नाही. पण पानं खुडणारे हात, चिरायची सुरी, दरवर्षी थंडीआधी कंद उपटायला घातलेली कुदळ आणि त्या मातीत खेळणारा नातू, यांना कोणी शिजवत नाही. शिवाय अळूला सतत ओल लागते. ऑगस्टमध्ये आपण होज लावणार, म्हणजे जी माती कोरडी राहायला हवी तिथे स्वतःच्या हाताने पाणी भरणार. आणि समजा पाणी न घालताही ते खरंच माजलं, तर ती आनंदाची बातमी नाही. किंचित हिरवा पट्टा कोरड्या उन्हाळ्यात चालतो. पण गवत गडद हिरवं, माती स्पंजासारखी दबणारी आणि वास येणारा असेल तर ड्रेन फील्ड बंद पडत चाललं आहे असं समजावं.

यावर दोन आक्षेप मला मराठी मित्रांकडून हमखास ऐकू येतात. दोन्ही चांगले आहेत.

पहिला सोनखताचा. माणसाच्या मैल्याच्या खताला ज्या भाषेने सोनखत म्हटलं, ज्या कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि मैल्याचं खत यावर आयुष्य घातलं, तिथल्या माणसांनी त्याला घाबरायचं? घाबरायचं नाही, पण सोनखताचं सार वेळेत आहे. खड्डा बंद करून महिनोन्महिने कुजू द्यायचा, सुकू द्यायचा, मगच शेतात न्यायचा. तोवर जंतू मरतात. ड्रेन फील्डमध्ये रोज सकाळी ताजं पाणी येतं. तिथे कुजून तयार झालेलं असं काहीच नसतं.

दुसरा आक्षेप नागपूरच्या नीरी संस्थेच्या फायटोरिड तंत्राचा. तिथे कर्दळ आणि पाणकणसासारख्या वनस्पती सांडपाणी स्वच्छ करायला वापरतात, मग ड्रेन फील्डवर कर्दळ का नको? कारण फायटोरिडचा वाफा खालून आणि बाजूने बंद असतो. पाणी त्यातून आडवं वाहतं, मुळं त्या पाण्यात असावीत अशीच आखणी असते आणि शेवटी बाहेर पडणारं पाणी तपासता येतं. ड्रेन फील्डमध्ये पाणी उभं खाली जातं, माती उघडी असते आणि मुळं नसलेल्या थरातच बहुतेक काम होतं. दोन्ही यंत्रणा उत्तम, पण एकीचा सुटा भाग दुसरीत बसत नाही. आजीचा मोरीचा चर ही तिसरी यंत्रणा. त्यात संडासाचं पाणी कधीच नव्हतं. रत्नागिरीच्या घरात संडास परसाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा होता. अमेरिकन घराने ही दोन पाणी एका पाइपात घातली, आणि माझ्या मते खरी चूक तिथे आहे. पण ती आपल्याला आता अंगणातून सुधारता येणार नाही.

वाफे जमिनीच्या वर उचलून घेतले तर? लाकडी चौकटीत दीड फूट माती भरून भेंडी लावायची ही युक्ती मला तिघांनी सुचवली आहे. मुळं आणि घाण यांत अंतर पडतं हे खरं. पण दीड फूट ओली माती म्हणजे खालच्या मातीचं नाक दाबणं. हवा आत जाणं कमी होतं, बाष्प बाहेर पडणं कमी होतं, वरून रोजचं पाणी, आणि वजनाने माती आणखी दबते. प्लास्टिकचं कापड अंथरून त्यावर खडी टाकणंही त्याच कारणाने वाईट. मुलांना तिथे क्रिकेट खेळू द्या, फक्त पिच करायच्या नादात रोलर फिरवू नका.

मग लावायचं काय? बहुतेक पत्रकं म्हणतात, गवत लावा आणि गप्प बसा. सल्ला सुरक्षित आहे. गवताची मुळं बारीक आणि दाट, बहुतेक वरच्या सहा-आठ इंचांत, धूप थांबवतात आणि पाणी वर ओढतात. पण अमेरिकन लॉन म्हणजे नुसतं गवत नसतं. त्यामागे स्प्रिंकलर येतो, दरमहा खताची गाडी येते, आणि हे दोन्ही ड्रेन फील्डवर उलटंच काम करतात. खताची तिथे गरजच नाही, खालून नायट्रोजन जातच असतो. केप कॉडच्या खाड्यांत शेवाळ माजतं त्यातल्या नायट्रोजनचा मोठा वाटा सेप्टिकमधून येतो, म्हणून तर राज्याने २०२३ मध्ये तिथल्यासाठी टायटल ५ कडक केला. त्यात आपण वरून आणखी नायट्रोजन ओतायचा, हे मला पटत नाही.

माझं मत असं की तिथे फेस्क्यूसारखं कमी पाण्यावर भागणारं गवत आणि उथळ मुळांची फुलं यांचं मिश्रण लावावं आणि ते वर्षातून दोन-तीनदाच कापावं. पांढरं क्लोव्हर, कोरिऑप्सिस, ब्लॅक-आइड सुझन, बी बाम, सेडम. यांना एकदा रुजल्यावर पाणी लागत नाही, मधमाश्या येतात. प्रेअरीच्या उंच गवतांबद्दल मात्र मी सावध आहे. नेब्रास्का विद्यापीठाच्या जॉन वीव्हर यांनी शंभर वर्षांपूर्वी जमिनीत खोल चर खणून त्यांची मुळं रेखाटली. बिग ब्लूस्टेमसारखं गवत सहा-आठ फूट खाली जातं. ती मुळं झाडासारखी जाड नसतात, आणि काही ठिकाणी ही गवतं सुचवतातही. पण पाइप फूट-दीड फुटावर असलेल्या माझ्या अंगणात मी ती लावणार नाही. मिनेसोटासारख्या ठिकाणी असाल तर हिवाळ्याआधी गवत अगदी बारीक कापू नका. उभं वाळलेलं गवत बर्फ धरून ठेवतं आणि बर्फाचं पांघरूण पाइप गोठू देत नाही. कुठेही लावताना खोल खणू नका. बी फेका किंवा खुरप्याने बसेल एवढंच रोप लावा, आणि हातमोजे घाला.

आणि झेंडू. कोणत्याही अमेरिकन यादीत त्याला मोठं स्थान नाही, पण आपल्या तीन प्रश्नांना तो सहज पुरून उरतो. मुळं उथळ, पाणी बेताचं, खायचा नाही, आणि थंडी पडली की आपोआप संपतो. बहुतेक वर्षी दसऱ्याच्या तोरणाला घरचाच मिळतो. शेवंतीही चालेल. तुळस नको, कारण तिची पानं आपण तोंडात टाकतो. त्या जागेची फुलं देवाला चालतील का, हा प्रश्न मातीच्या शास्त्राबाहेरचा आहे. मी तो आईकडे पाठवला. "कमळ कुठे उगवतं?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

ही सगळी चर्चा करण्याआधी एक काम मात्र करा. गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थकडे, दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत काउंटीच्या आरोग्य विभागाकडे, तुमच्या ड्रेन फील्डचा नकाशा असतो. तो मागवा. चर नेमके कुठून कुठे आहेत हे त्यावर दिसतं. नव्या घरांत अनेकदा शेजारी एक राखीव जागाही आखलेली असते, आजचं ड्रेन फील्ड संपलं की दुसरं करण्यासाठी. तिच्यावरही आंबा-पेरूची स्वप्नं नकोत. आमच्या नकाशावर घराच्या पूर्वेला, चरांपासून तीसेक फूट लांब आणि चढावर, एक मोकळा तुकडा निघाला. आईचं अळू आता तिथे आहे, बुडाला भोक नसलेल्या एका मोठ्या टबात, म्हणजे ओलही राहते आणि ऑक्टोबरात कंद उचलून तळघरात नेता येतात. डाउनस्पाउटचं पावसाचं पाणी मी तिकडे वळवलं आहे. काळ्या देठाची जात हवी होती, ती अजून मिळालेली नाही. इथल्या नर्सरीत 'एलिफंट इअर' म्हणून जे विकतात ते खाजतं फार, त्यामुळे वड्या करताना चिंच जरा जास्तच लागते.